मी आहे ना

भाषांतरकारांच्या कॉम्प्युटरला इंटरनेटच्या दोन जोडण्या होत्या. एक भिंतीतून आलेली वायर, दुसरी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, मोबाइलचा हॉटस्पॉट. वायर महालहरी, ऐन काम पाठवायच्या वेळी मान टाकायची. मग कॉम्प्युटर आपणहून दुसरीवर जायचा. त्या हॉटस्पॉटला बाईंनी नावच दिलं होतं, ‘मी आहे ना’.

फोन कायम बाईंच्या खिशात. त्यामुळे बाई घरात कुठे आहेत, ते भाषांतरकारांना मान न वळवता कळायचं. स्वयंपाकघरात असल्या की स्क्रीनवर सिग्नलच्या दोन रेघा, दारात आल्या की तीन, खुर्चीमागे उभ्या राहिल्या की चार.

‘‘हेरगिरी पुरे, चहा घ्या,’’ बाई म्हणायच्या.

बाई गेल्या. त्यांचं सिमकार्ड बंद केलं, फोन लेक घेऊन गेली. घर खायला उठायचं, म्हणून भाषांतरकार स्वतःला कामाला जुंपून घ्यायचे.

एका दुपारी वायरने मान टाकली. तरीही फाइल गेली. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. ‘मी आहे ना’. दोन रेघा.

त्यानंतर ते मुद्दामच वायर उपटून बसू लागले. शेवटी न राहवून त्यांनी लेकीला सांगितलं. ती तडक आली.

‘‘बाबा, आईचा फोन माझ्या कपाटात बंद पडलाय. शेजारच्या कुणीतरी तेच नाव दिलं असेल.’’

‘‘आणि पासवर्डही तोच?’’

लेकीने वाकून स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘तुम्ही माझ्याकडे राहायला चला. इथे एकटे बसून डोक्याचा भुगा करून घ्याल.’’ तिने माउस ओढला आणि ते नेटवर्क पुसून टाकलं.

‘‘अगं, नको!’’ ते ओरडले, पण उशीर झाला होता. यादीत नुसती वायर उरली. जणू बाई दुसऱ्यांदा गेल्या. डोळे पुसत लेक स्वयंपाकघरात निघून गेली. आतून तिचे हुंदके ऐकू येत राहिले.

भाषांतरकार कीबोर्डवर हात ठेवून बसले.

नाव आपोआप उमटलं. चार रेघा.

त्यांनी मान वळवली नाही.

‘‘पोरीवर रागावू नकोस,’’ ते पुटपुटले.

तीन रेघा.

दोन.

स्वयंपाकघरातले हुंदके थांबले.

‘‘बाबा,’’ लेकीचा भरलेला आवाज आला, ‘‘किती वर्षांनी डोक्यावरून हात फिरवताय! पण हात केवढा गार पडलाय तुमचा.’’

त्यांचे दोन्ही हात कीबोर्डवरच होते.