शेवटचा ओटा

"आजाऱ्याच्या उशाशी बसलीस की आधी पाणी विचारायचं, सुप्रभा. औषध नंतर."

शशिधर नेहमी सांगायचे. जन्मभर त्यांनी कॉव्हेंट्रीत डॉक्टरकी केली. कोविडच्या वसंतात ते स्वतःच वॉर्डात पडले, तेव्हा नातलगांना दारं बंद होती. नर्सने फोन उशाशी ठेवला आणि ती पुढच्या रोग्याकडे धावली. "सुप्रभा, पाणी," एवढंच ते म्हणाले.

"सकाळी आणते हं." आत कोणी सोडणार नाही, हे ठाऊक असूनही घरून सुप्रभा म्हणून गेली. उजाडायच्या आत सगळं संपलं.

यंदा पुण्यतिथीला वरदा आईला शहराबाहेरच्या पडक्या मठात घेऊन आली. शेकडो वर्षांपूर्वी इथे ख्रिस्ती साधू वैद्यकी शिकवत. निवृत्तीनंतर शशिधर आल्यागेल्याला ही जागा हौसेनं दाखवायचे. छप्पर कधीच गेलेलं. भिंतीलगत दगडी ओटे, एकेका रोग्याचा एकेक.

"प्लेगमध्ये टीचर्स गेले, मग स्टुडंट्सपण. लास्टला बघायला कोणच नव्हता," वरदा म्हणाली. "बाबा हा स्टोरी सांगताना रडायचे."

"ही गोष्ट."

"आई, प्लीज! बाबा तरी मला पास करायचे." हसून ती पार्किंगची वेळ वाढवायला गेली.

पहिल्या ओट्यापाशी ओल्या गवताचा वास होता. त्याखाली आजारपणाच्या खोलीचा. कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटावी, तसा आवाज झाला. सुप्रभाने वळून पाहिलं. कबुतरसुद्धा नव्हतं. तरी सवयीनं तोंडून निघालंच, "पाणी हवं का?"

पिशवीत पूजेतल्या गंगाजळाचा गडू होता. तिने पळीभर दगडावर सोडलं. दगड पावसानं आधीच चिंब. पण पाणी ओघळलं नाही. नाहीसं झालं.

शेजारच्या ओट्यावर जीभ वाजली.

मग त्याच्या पलीकडे.

ती देत गेली. गडू रिकामा झाला तेव्हा शेवटचा ओटा राहिला होता.

तिथे कोणीतरी हलकेच दोनदा खाकरलं. काही मागायचा संकोच वाटला की शशिधर असेच खाकरत.

"सकाळी आणते," ती म्हणाली. "आता नक्की."

सकाळी वरदा उठायच्या आत तिने तुळशीला पाणी घातलं, नेमाचं स्तोत्र म्हटलं. मोठा कॅन काठोकाठ भरला, झाकण आवळलं आणि पहिली बस धरली.

कॅन मांडीवर होता. प्रत्येक स्टॉपला तो थोडा हलका होत होता. झाकण कोरडं, साडीही कोरडी.

तिने तो पोटाशी घट्ट धरला. एक घोट उरला, तरी पुरे होता.