संध्याकाळची आई

कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात अल्टरेशनचं काम करणारी खारूची आई म्हणजे एक नंबरची खोडकर बाई. पँट आखूड करायला आली, की आतल्या दुमडीत, कुणाच्या बापाला दिसणार नाही अशा जागी, ती लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवायची. काळ्या पँटीत लाल, पांढऱ्या शर्टात लाल. मोठमोठे साहेब तिची खूण अंगावर वागवत मिरवायचे आणि ही मशीनवर वाकून मनातल्या मनात हसायची. हे गुपित तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. खारूलासुद्धा नाही.

खारू दुसरीत. घरात मायलेकी दोघीच. शाळा सुटायची दुपारी आणि दुकान सुटायचं संध्याकाळी. मधला वेळ खारू शाळेतल्याच पाळणाघरात. व्हरांड्याच्या टोकाची खोली, फिनेलचा आणि ओल्या मोज्यांचा वास, भिंतीला टेकवलेल्या चटया, आणि एवढ्या सगळ्या पोरांना मिळून एकच मावशी. मावशी वाईट नव्हती, पण तिला हात दोनच होते. टीव्ही लावून द्यायची आणि कुणाचं नाक वाहतंय, कुणाचं डोकं आपटलंय ते बघत फिरायची.

पालकांच्या सभेत लिफ्ट दुरुस्त करणारा एक बाप तापला. "परवा माझ्या पोराला भलताच माणूस घेऊन गेला. शेजारी निघाला म्हणून निभावलं. उद्या कुणी पोत्यात घालून नेलं, तर ही बाई टाटा करेल."

"दादा, मी एकटी," मावशी रडकुंडीला आली. "दार बघू की मुलं बघू?"

तोडगा खारूच्या आईनं काढला. "सोपं आहे. न्यायला कुणीही येऊ दे, मावशी पोराला विचारणार, हे कोण? पोरानं ओळख सांगितली तरच सोडायचं. नाहीतर मंत्री आला तरी दाराबाहेर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम ठरला.

पुढे एका सकाळी खारूच्या फ्रॉकचं बटण लोंबत होतं. आई म्हणाली, "राहू दे, घरी आल्यावर लावते." संध्याकाळी बघते तर बटण घट्ट.

"मावशीनं लावलं?"

"तूच तर लावलंस. दुपारी."

"अस्सं? आणखी काय केलं मी?" पोरगी आपल्या वळणावर गेली, थापा मारायला शिकली, म्हणून आईला कौतुकच वाटलं.

"वेणी घातलीस. मांडीवर घेतलंस."

फ्रॉक धुवायला टाकताना आईनं कापड उलटं करून बघितलं. बटणाखाली, आतल्या अंगाला, लाल टाका.

नळ तसाच वाहत राहिला.

मग रोजच काहीतरी असायचं. कधी नखं कापलेली, कधी उसवलेली बाही शिवलेली. पण आईला लागलं ते वेगळंच. पूर्वी घरी जाताना खारूचं तोंड बंद नसायचं. कोण पडलं, कोण रडलं, बाईंनी कुणाला उभं केलं. दिवसभर तळघरात बसून आई त्या बडबडीची वाट बघायची. आता खारू हात धरून मुकाट चालायची.

"काय झालं गं आज?"

"मघाशी सांगितलं की तुला."

"परत सांग."

"दोनदा काय सांगायचं?"

पायडल मारता मारता तिचं मन रोज त्या खोलीत जाऊन बसायचं. आता सुटली असेल. आता चटईवर बसली असेल. आता कुणीतरी जवळ घ्यायला हवं तिला.

पुढच्या सभेत तक्रार करायला कुणी उठलंच नाही. लिफ्टवाला म्हणाला, "माझं पोरगं शांत झालंय. मावशी सुधारली म्हणायची." मावशीनं मान वर केली नाही.

शेवटी एका दुपारी आईनं दाढ दुखतेय अशी थाप मारली, गाल धरून मुकादमासमोर असं काही विव्हळली की त्यानंच रिक्षा करून दिली. शाळेचा व्हरांडा रिकामा होता. खोलीत टीव्ही बंद होता, आणि एवढी पोरं असून गलका नव्हता.

दाराच्या काचेवर कागद चिकटवला होता. कडेच्या फटीतून तिनं आत बघितलं.

खारू बुटक्या स्टुलावर बसून हातवारे करत काहीतरी सांगत होती. मागून दोन हात तिची वेणी घालत होते. हातांच्या वरचं फटीतून दिसत नव्हतं. डाव्या तर्जनीवर निळी चिकटपट्टी.

आईनं आपलं बोट बघितलं. सकाळी सुई घुसली होती. निळी चिकटपट्टी तिथंच होती.

तिनं दार ठोठावलं. मावशीनं ते अर्धंच उघडलं आणि तिला बघून पांढरी पडली.

"ताई, तुम्ही तर... मघाशीच..."

"बाजूला व्हा मावशी. खारूला न्यायचंय."

"नियम तुमचाच आहे ताई." मावशीनं दार धरून ठेवलं. मागे न वळता तिनं हाक मारली. "खारू, ये गं. ही कोण?"

खारू दाराशी आली. वेणी अर्धी झाली होती. तिनं आईकडे बघितलं, मग मागे खोलीत बघितलं.

"ही संध्याकाळची," ती म्हणाली.

"मग संध्याकाळीच या," मावशी पुटपुटली आणि दार लागलं.

आई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. आतून खारूच्या हसण्याचा आवाज येत होता. सावल्या लांबल्या, बाकीचे आईबाप आले, दार उघडलं, आणि रोजच्यासारखी खारू येऊन हात धरून चालू लागली. खोलीत मावशीशिवाय मोठं माणूस कुणी नव्हतं.

कोपरा आला.

"ती बरी आहे का गं?" आईनं विचारलं.

"हो. पण तिला सुट्टीच्या दिवशी करमत नाही. खोलीला कुलूप असतं ना." खारूनं दगडाला लाथ मारली. "म्हणून मी तिला आपलं घर सांगितलं. उद्या सुट्टी आहे."

आईनं तिचा हात घट्ट धरला. जिना चढताना तिला धाप लागली. दाराशी येऊन ती पिशवीत किल्ली चाचपू लागली, तेवढ्यात खारूनं टाचा उंचावून बेल दाबली.

"वेडाबाई, घरात कोण आहे?"

आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी निघाली नाही.

"खारू," दारापलीकडून आवाज आला. दिवसभर काम करून बसलेला, आईचाच. "बरोबर कोण आहे गं?"

खारूनं मान वर करून आईकडे बघितलं. बघतच राहिली. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर उत्तर आठवत राहावं तशी.