जमत आलंय

टक्!

फ्रिजवरचं चुंबक खाली पडलं आणि घरातली शांतता दचकली.

शनिवारची सकाळ होती. बाहेर अमेरिकेतल्या बॉथेल गावचा तो नेहमीचा पाऊस... पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, ते न कळणारा. नेत्रा चहाचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसली होती. इशिताचा बाबा टेक्ससला निघून गेला, कागदांवर सह्या झाल्या आणि त्यानंतर या घरात शांतताच राहायला आली होती. चांगली ऐसपैस, पाय पसरून.

"आई! माय गोल्स पडले!"

सात वर्षांची इशिता पोटावर झोपून फ्रिजखालून कागद ओढत होती. तिच्या मिस डोनोव्हन दर आठवड्याला असा एक कागद घरी पाठवत. येत्या आठवड्यात वर्गाने काय शिकायचं, ते त्यावर असे आणि प्रत्येक ओळीची सुरुवात 'आय कॅन'ने होई. मला दोन अंकी बेरीज चित्र काढून करता येते. मला गोष्टीचा शेवट माझ्या शब्दांत सांगता येतो. शुक्रवारी मुलांनी ते एखाद्या मोठ्या माणसाला करून दाखवायचं आणि मग कागदावर शिक्का बसायचा — 'नॉट येट', 'ऑलमोस्ट' किंवा 'गॉट इट'. नेत्राने घरात त्यांचं मराठी करून टाकलं होतं. अजून नाही, जमत आलंय, जमलं.

"शुक्रवारी हेल्पला पेरेंट्स पाहिजेत. एव्हरीबडीज मॉम येते," इशिता कागदावरची धूळ फुंकत म्हणाली.

"सगळ्यांच्या नाही येत गं."

"ऑलमोस्ट सगळ्यांच्या."

नेत्राने कप खाली ठेवला. ती काम करायची त्या लॅबमधल्या पेशी एक सकाळ तिच्यावाचून वाढल्या असत्या. या पोरीचं मात्र तसं नव्हतं.

*

दुसरीच्या वर्गात मोठ्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नसतात. शुक्रवारी इशिताने आईला हाताला धरून नेलं, तर टेबलाशी आधीच एक उंच माणूस बसलेला. खुर्ची एवढी बुटकी की त्याचे गुडघे कानांना लागायचे तेवढे राहिले होते. शर्टावर पाहुण्यांना देतात ते स्टिकर होतं... सुगत.

"ट्वेंटी-सेव्हन प्लस फिफ्टीन," तो मुलांना सांगत होता. "सेव्हन अँड फाइव्ह, ट्वेल्व्ह. टू खाली लिहायचा, आणि —" त्याने खाडकन मूठ मिटली. "हातचा एक!"

"हाच्चा एक!" सगळ्या टेबलाने मुठी मिटल्या.

नेत्राला हसू आवरेना. त्याने मान वर केली.

"मराठी ना? हातचा ऐकून एवढं कोण हसणार दुसरं?"

तेवढ्यात मिस डोनोव्हन आल्या. एवढ्या चिमुकल्या मुठी आवळलेल्या बघून त्यांनी विचारलं, हातांत काय आहे? "हाच्चा!" मुलं ओरडली. मग बाईंनी सुगतला अगदी मायेने समजावलं. या आठवड्यात फक्त चित्रं काढायची. दहाची काडी, एकाचा ठिपका. दहा सुटे कुठे जातात ते मुलांना आधी डोळ्यांनी दिसू दे, ही झटपट रीत नंतर.

सुगतचे कान लाल झाले. आणि इशिता, आईची लेक, ठसक्यात म्हणाली, "पण माय मॉम पण घरी हेच शिकवते!"

आता नेत्राचेही कान लाल.

मिस डोनोव्हन खळखळून हसल्या आणि दोघांच्याही हातांवर त्यांनी एकेक शिक्का उमटवला — 'नॉट येट'.

व्हरांड्यात तो शिक्का बोटाने पुसत ती म्हणाली, "मी नेत्रा. नेत्रा लिमये, सांगलीची."

"सुगत गजभिये. नागपूर. पुसू नका हो, मेहनतीने मिळवला आहे."

"तुमचं मूल कुठलं यातलं?"

"एकही नाही. ऑफिस शाळेत मदत करायला सुट्टी देतं म्हणून येतो. आणि खरं सांगू? सोमवार ते गुरुवार माझं कोणी ऐकत नाही."

"म्हणजे लग्न —" नेत्राने जीभ चावली.

"नाही झालं. आता पगार विचारा, मग सांगलीचा इंटरव्ह्यू पूर्ण होईल."

*

त्यानंतर शुक्रवार हा साधा वार राहिला नाही. गुरुवारपासूनच त्याची चाहूल लागायची. कुठला कुर्ता, कुठलं जॅकेट... नेत्राला स्वतःचीच गंमत वाटे. गावात कोणी छत्री वापरत नव्हतं, सगळे टोप्या ओढून भिजत. सुगत मात्र आपली काळी मोठी छत्री घेऊनच यायचा आणि वर्ग सुटला की तिला गाडीपर्यंत सोडायचा. गाडी दर वेळी जरा लांब लावायची सवय नेत्राला कधी लागली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मुलांना दर आठवड्याला गोल असतं, आपल्याला नको?" एकदा छत्रीखाली तो म्हणाला.

"तुमचं काय आहे या आठवड्यात?"

"मला नेत्राला 'तुम्ही' न म्हणता बोलता येतं."

"असं नाही चालत. मोजता आलं पाहिजे, मिस डोनोव्हन म्हणतात."

"मग मोज ना."

पाऊस छत्रीवर टिपटिपत राहिला. नेत्रा चप्पल बघत राहिली... मग हळूच म्हणाली, "जमत आलंय."

"ऑलमोस्ट? मी तर 'गॉट इट' धरून चाललो होतो!"

"फार घाई आहे बाई एका माणसाला," ती म्हणाली आणि गाडीत बसल्यावरही हसत राहिली.

मग तो शनिवारीही येऊ लागला. तर्री पोहे करायला. नागपूरची ती लालभडक तर्री पहिल्यांदा चाखून इशिता स्वयंपाकघरभर नाचली होती आणि थंड दूध पिऊन परत ताटलीशी येऊन बसली होती. तर्रीबरोबर तिने त्याचा एक शब्दही उचलला. 'का' म्हणायचं असेल तिथे सुगत 'काहून' म्हणायचा. आता सांगलीच्या लेकीची अमेरिकन पोर दिवसभर विचारत फिरे, "आई, रेन काहून थांबत नाही? आई, तू काहून हसतेस एकटीच?"

शांततेने आपलं बिऱ्हाड आवरायला घेतलं होतं.

*

आणि अशाच एका शनिवारी फोन वाजला. सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र होत आलेली, आई झोपायच्या आधी नातीला बघायची. सुगत ओट्याशी कांदा चिरत होता. मागे हलणारी बाही बघून आईने डोळे बारीक केले.

"कोण आहे गं तिथे?"

नेत्राचा हात आपोआप वळला. फोन भिंतीकडे फिरला. "कोणी नाही गं... इशिताच्या शाळेतले व्हॉलंटियर आहेत. पुस्तक द्यायला आलेत."

सुरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण सावकाश.

फोन ठेवल्यावर सुगतने पोहे वाढले. स्वतःची ताटली घेतली नाही.

"मी व्हॉलंटियर आहे हे खरंय, त्याचं काही नाही," तो हात पुसत म्हणाला. "पण नेत्रा, तो फोन तू माझ्या चेहऱ्यासाठी नाही फिरवलास. आडनावासाठी फिरवलास."

"तसं नाही रे... आई जुन्या वळणाची आहे. मला थोडा वेळ —"

"माझे आजोबा शाळेत वर्गाबाहेर बसायचे. आत घेत नव्हते. फळा दिसायचा नाही, मग नुसतं ऐकून बेरीज करायची. हातचा विसरू नये म्हणून मूठ मिटून धरायचे. त्यांनीच शिकवली मला ती रीत." तो थोडं हसला. "त्या बुटक्या खुर्चीत मी तासन्‌तास बसेन, नेत्रा. पण दाराबाहेर बसायचं आमच्या घरात कधीच सुटलंय."

त्याने छत्री घेतली. दार अगदी हळू लावून घेतलं, तेच जास्त लागलं.

*

पुढच्या आठवड्याचा कागद आला. मला 'का'ने सुरू होणारे प्रश्न विचारता येतात. घरातल्या मोठ्यांना विचारायचे आणि लिहून आणायचे.

इशिता पेन्सिल परजून तयारच होती. "आई, सुगतकाका काहून फोन नाही करत?"

"कामात असतील."

"ते आपल्यावर मॅड आहेत? काहून?"

नेत्रा पोळ्या लाटत राहिली. एक पोळी करपली, मग दुसरी. काय सांगणार होती? की सात वर्षांच्या लेकीला दर आठवड्याला नवं काहीतरी येतं, आणि आईला एक साधं वाक्य बोलता येत नाही?

शुक्रवारी सुगत शाळेत आला. येणारच होता, मुलांना शब्द दिला होता. पण पलीकडच्या टेबलाशी बसला. मधे पुस्तकांचं कपाट. नेत्राला फक्त त्याचे गुडघे दिसत होते. एका मुलीचं नीट जमलं तसा त्याने तिला टाळी दिली आणि हसला. हा माणूस असाच हसत राहील, तिला नमस्कार करील, आणि कपाटाच्या पलीकडेच राहील. तिने काहीच केलं नाही तर...

वर्ग सुटला. ती छत्रीवाचून त्याच्या गाडीपर्यंत धावली. केस, चष्मा, सगळं भिजलं.

"अगं, काय करून राहिलीस? भिजशील!" त्याने न विचारता छत्री तिच्यावर धरली.

"माझं गोल सांगायचंय. या आठवड्याचं." तिला धाप लागली होती. "मला आईला सांगता येतं. उद्याच. तुझ्यासमोर. नावासकट, आडनावासकट... आणि हेही, की तू मला आवडतोस. म्हणजे... नुसतं आवडत नाहीस. कळतंय ना तुला?"

छत्रीबाहेरचा त्याचा खांदा भिजत होता.

"आणि नाहीच जमलं तर?" त्याने विचारलं.

"तर 'अजून नाही'. मग पुढच्या आठवड्यात परत. फोन पुन्हा फिरणार नाही, एवढं नक्की."

तिने मूठ मिटली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली.

"हे काय?"

"हातचा. धरून ठेव. विसरू नकोस."

"विसरतो काहून बाप्पा," तो म्हणाला. आणि त्याने बोटं मिटली... तिच्या मुठीसकट.

*

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा तर्री उकळत होती. नेत्राने फोन उचलला, श्वास घेतला आणि सरळ ओट्याकडे धरला.

"आई, हा सुगत. मागच्या वेळी मी खोटं बोलले. पुस्तक द्यायला नव्हता आला, माझ्याकडे आला होता. मला आवडतो तो. आम्ही... आम्हाला एकत्र राहायचंय."

"नमस्कार काकू," सुगत झारा हातात धरूनच म्हणाला.

सांगलीचा पंखा तेवढा ऐकू येत होता. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"आडनाव काय?"

"गजभिये," नेत्रा म्हणाली. त्याच्या आधी म्हणाली.

पंखा फिरत राहिला. किती वर्षांचं काय काय त्या चेहऱ्यावरून गेलं. ते सगळं नेत्राला ओळखीचं होतं, आणि तरीही तिला त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या तोंडाची मायाच आली. तिने फोन मात्र हलू दिला नाही.

"बरं," आई शेवटी म्हणाली. मग थोडं थांबून, नजर कुठेतरी बाजूला लावून, "त्यांना म्हणावं शेंगदाणे जळतायत. धूर दिसतोय मला इथून."

सुगत गर्रकन वळला. शेंगदाणे खरंच जळत होते. "उद्या करते फोन," आई म्हणाली आणि कॉल संपला.

नेत्रा फोन टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने थोडं थोडं दोन्ही करून घेतलं. सुगतने काळे शेंगदाणे ताटलीत काढले आणि तिच्यासमोर वाकला.

"काय म्हणतात मग मिस डोनोव्हन? कुठला शिक्का?"

"जमत आलंय," ती म्हणाली.

"चालेल," तो म्हणाला. "आपल्याला काही घाई नाही." आणि तिच्या गालावरचं पाणी त्याने अंगठ्याने पुसलं.

टेबलाच्या टोकाशी इशिता शुक्रवारी 'ऑलमोस्ट'चा शिक्का घेऊन परत आलेला आपला 'का'चा कागद पुढ्यात घेऊन केव्हाची बसली होती. अजून एका प्रश्नाची जागा रिकामी होती. तिने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, फोनकडे पाहिलं, सुगतकाकांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"आई," ती म्हणाली, "ते नाइस आहेत का, हे आजीने विचारलंच नाही. लास्ट नेम पहिलं काहून विचारलं?"