जड मशीन

"पाणी तरी घे ना वं बाई... बस उतरल्यापासून पायी आली तू!"

आई देवकाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला होता. ओसरीच्या पायरीखाली चिखलात उभी असलेली डिंपल त्या पेल्याकडे नुसती पाहत राहिली. घसा कोरडा पडला होता, तरी हात पुढे होत नव्हता. कारण वर ओसरीवरच्या खुर्चीत नत्थूजी बसले होते, तिचे जन्मदाते वडील, आणि त्यांनीच दोन वर्षांपूर्वी याच पायरीवर उभं राहून, अर्ध्या रामाकोना गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं की या पोरीला माझ्या घरचं अन्नपाणी वर्ज्य आहे!

"देवका," नत्थूजी आभाळाकडे पाहत म्हणाले, "सांग तिले, इथं कोणी बिमार नाही. आली तशी वापस जाय म्हणा."

बिमार कोणी नाही म्हणे! कपाळाला पट्टी, ढोपर सुजलेलं, ओठ पांढरेफटक... आदल्या दिवशी विळा घेऊन संत्र्याच्या बगिच्यात गवत कापायला गेलेले हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ चक्कर येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी निक्षून बजावलं होतं की हृदय निम्म्याच ताकदीनं चालतंय, ओढाताण नाही, ओझं उचलणं नाही. पण नत्थूजींनी आयुष्यात कोणाचंच कधी ऐकलं नव्हतं, तिथं डॉक्टरांचं काय ऐकणार!

डिंपलनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि दोन घोट पाणी प्यायली. ते पाहून देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बगिच्यात कंबरेएवढं गवत माजलं होतं. झाडांवर फळ धरलेलं, बुडाशी हवा खेळायला हवी, नाहीतर खोडाला डिंक्या लागून चांगलं झाड हातचं जातं. पूर्वी नत्थूजी गवत काढायला दोन ओळींमधून बैलांचा डवरा फिरवत. आता बैल नव्हते, आणि गावातली कामाची माणसं कारखान्यांत गेली होती. नागपूरला नोकरी करणाऱ्या प्रफुल्लनं, म्हणजे डिंपलच्या थोरल्या भावानं, मोठ्या प्रेमानं हिरवळ कापायचं चाकांचं यंत्र पाठवलं होतं. बंगल्यापुढच्या सपाट हिरवळीवर ते ऐटीत फिरतही असेल. पण इथं झाडागणिक आळं, आळ्यागणिक वरंबा, वर ठिबकच्या नळ्या आणि खाली पाऊस प्यालेली काळी माती! पहिल्याच ओळीत दोन नळ्या कापून ते रुतून बसलं. चौघांनी उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं, आणि आता त्याच्यावर कोंबड्या बसत. मग प्रफुल्ल फोनवर म्हणाला, तननाशक मारा. "माह्या झाडाच्या मुळाले जहर पाजू?" असं ओरडून नत्थूजींनी फोन ठेवला आणि विळा उचलला.

परतीच्या बसमध्ये डिंपलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पांढुर्ण्याला घर होतं, शाळेतली नोकरी होती, कुलदीपसारखा शांत नवरा होता. सगळं होतं, पण दोन वर्षांत एक घासही तिला सुखानं गोड लागला नव्हता. आणि दोष तरी काय तिचा!

दोन वर्षांपूर्वी बाबूजी दवाखान्यात असताना बैल विकले ते प्रफुल्लनं. मोऱ्या आणि चांद्या, नत्थूजींची जीव की प्राण असलेली जोडी... चारापाणी कोण करणार, म्हणून कोणाला न विचारता त्यानं ती व्यापाऱ्याच्या हवाली केली. नत्थूजी दवाखान्यातून आले ते घरात न शिरता थेट गोठ्यात गेले. रिकामा खुंटा धरून त्यांनी विचारलं, "माहे बैल कोणं इकले?" प्रफुल्लच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या एका क्षणात डिंपलला पुढचं सगळं दिसलं: बाप लेकाला उभ्या जन्मात क्षमा करणार नाही, लेक पुन्हा उंबरा चढणार नाही, आणि या दोघा म्हाताऱ्यांच्या म्हातारपणाचा आधारच तुटेल! आपण काय, दिल्या घरची पोर...

"मी इकले, बाबूजी," ती म्हणाली.

प्रफुल्लनं मान खाली घातली आणि ती खालीच राहू दिली. देवकाबाईंना सत्य ठाऊक होतं, पण डिंपलनं त्यांना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. आणि नत्थूजींचा राग काही चहाच्या कपात विरघळणारा राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ती सौंसरला शेतीच्या अवजारांच्या दुकानात जाऊन थडकली. दुकानदार गुणवंता मोठा बोलका माणूस. त्यानं गवत कापायचं, खांद्याला अडकवायचं एक देखणं, नाजूक यंत्र तिच्या हातात दिलं.

"हे न्या ताई! बॅटरीवर चालते, बटन दाबलं का चालू. वजनाले काहीच नाही. सत्तर वर्षाचे म्हातारेबी आरामात चालवून राहिले!"

तोवर ते यंत्र डिंपलच्या मनात भरलं होतं. शेवटचं वाक्य ऐकताच तिनं ते निखारा हाती आल्यासारखं खाली ठेवलं.

"आन ते कोपऱ्यातलं?"

"ते पेट्रोलवालं. दमदार हाय, पण भलतंच जड. दोरी ओढू ओढू हात दुखून येते. बाईमाणसाचं काम नाही ते."

"म्हाताऱ्या माणसाचं?"

"त्यायचं तं बिल्कुलच नाही! उचलनारच नाही त्यायच्यानं."

"मंग तेच द्या."

गुणवंता तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. शेवटी तिला सांगावं लागलं. "हलकी नेली तं मी पांढुर्ण्याले गेली का माहे बाबूजी थेच उचलतीन, दादा. त्यायचं दिल अर्धंच चालते. त्यायले उचलताच येऊ नये, अशी पाह्यजे मले... मी चालवतो, माह्या अंगात ताकत हाय."

ताकद होती की नाही, ते पहिल्याच रविवारी कळलं. दोरी ओढून ओढून तळहात सोलले, मशीन एकदाची भडभडली आणि डाव्या खांद्यावरून आलेला पट्टा मांसात रुतू लागला. उन्हाची तिरीप, गवताचा उग्र हिरवा वास, तोंडावर उडणारे नाकतोडे, आणि कानांत तो न थांबणारा घरघराट... प्रफुल्लचा जुना सदरा घालून ती एकेक ओळ कापत पुढे सरकत होती. धुऱ्यावर नत्थूजी येऊन उभे राहिले. पोरीनं आणलेली मशीन, तिला ते शिवणार नव्हते. पण बगिचा तर त्यांचा होता!

"देवका! सांग तिले, बुडाजवळ पातं नेऊ नको म्हणा. साल सोलली का झाड गेलं!"

देवकाबाई तिथं नव्हत्याच. त्या घरी भाकरी थापत होत्या. डिंपलनं मशीन बंद केली आणि खोडांभोवतीचं गवत विळ्यानं, हातानं कापलं. दोन वर्षांत बापाचं तिच्यासाठी निघालेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं, आणि ती वेडी पोर परतीच्या बसमध्ये तेच मनात घोळवत राहिली.

असे रविवार जात राहिले. ती यायची, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायची, पांढुर्ण्याहून बांधून आणलेली पोळी धुऱ्यावर बसून खायची आणि मशीन गोठ्यात ठेवून निघून जायची. खांद्यावर आधी लाल वळ उठला, मग कातडी गेली, मग खपली धरली आणि पुढच्या रविवारी तीही गेली. कुलदीप मलम लावता लावता म्हणाला, "तिकडं तुले कोणी बस म्हणत नाही, आन तू जाऊन जाऊन मरून राहिली." रात्री बाबूजींचं काळीज आणि दिवसा बाबूजींचा अबोला, या दोहोंच्या विचारानं तिचा जीव नुसता वरखाली होत होता!

पोळ्याच्या आदल्या दिवशी भर वर्गात देवकाबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या.

"डिंपल, तुहे बाबूजी सकाळी मशीन उचलाले गेले वं! हललीच नाही त्यायच्यानं. 'माह्याच बगिच्यात मले पाहुणा करून ठेवलं पोट्टीनं, मुद्दाम जड आणली, मले कमजोर दाखवाले,' म्हणून लय चिडले... आन आता दोघायच्या हातानं ऑटोत टाकून सौंसरले नेली. हलकी बदलून आणतो म्हणते, आन उद्यापासून मीच कापतो म्हणते!"

डिंपलच्या हातातला खडू गळून पडला. रजा टाकून ती धावतच स्टँडवर आली. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यागणिक तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र उभं राहत होतं: ओल्या गवतात पालथे पडलेले बाबूजी आणि शेजारी ती हलकी, देखणी, बटन दाबताच चालू होणारी मशीन... देवा, हा माणूस मला शिव्या देवो, जन्मभर तोंड न पाहो, पण त्याला काही होऊ देऊ नको!

दुकानात ती पोहोचली तेव्हा गुणवंता एकटाच होता.

"आलते ताई. हलकी द्या, म्हणे. मले तं राहवलं नाही... तुम्ही जे बोलले होते ना, ते सारं सांगून देलं मी त्यायले. माफ करजा."

"मंग? हलकी नेली का?"

"नाही ना! इथं स्टुलावर बसून राहिले. चहा मांगवला, पेले नाही. मंग उठले, आन जड मशीनच वापस घेऊन गेले."

डिंपलला हायसं वाटलं, पण क्षणभरच. आता काय करतील? अपमान वाटला असेल का? रागाच्या भरात बगिच्यातच गेले असतील का? तिला एका जागी बसवेना. ती दुकानाच्या दारात उभी राहायची, पुन्हा आत यायची, आणि रामाकोन्याची बस मिळेस्तोवर दिवस कलला होता.

गावात शिरली तेव्हा घराघरापुढं धुतलेले बैल उभे होते आणि त्यांचे खांदे शेकणं चाललं होतं. वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यांना घरधनी गरम पाण्यानं शेक देत होते, पळसाच्या पानानं हळद-तूप लावत होते, आणि पाहुण्याला द्यावं तसं उद्याच्या सणाच्या जेवणाचं निमंत्रण त्यांना देत होते. डिंपलला ते पाहवेना. आज बाबूजी रिकाम्या गोठ्यापुढं कसे बसले असतील! ती जवळजवळ पळतच घरी आली.

नत्थूजी गोठ्यापुढंच बसले होते. शेजारी गरम पाण्याचं घमेलं, वाटीत हळद-तूप आणि पळसाची दोन पानं. बैल नाहीत आणि ही तयारी! बाबूजींच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?

"डिंपल."

ती जागच्या जागी थिजली. दोन वर्षांनी त्यांनी तिचं नाव उच्चारलं होतं, आभाळाकडे पाहून नव्हे, तिच्याकडे पाहून!

"इकडं ये. बस."

ती बसली. आतून देवकाबाई आल्या, तिच्या कुर्त्याचा गळा अलगद बाजूला सारला आणि तो सोललेला, काळानिळा खांदा पाहताच "अगं माय!" म्हणून तिच्याशेजारी बसल्या. नत्थूजींनी फडकं गरम पाण्यात भिजवलं, पिळलं आणि पोरीच्या खांद्यावर ठेवलं. मग पळसाचं पान तुपात बुडवलं. तूप खांद्यापेक्षा कुर्त्यावरच जास्त सांडलं.

"झोंबते का वं?"

"नाही, बाबूजी."

"खोटी. लहानपणापासून खोटी हाय तू... बैल कोणं इकले, मी आज इचारलं तुह्या मायले. जे पोरगी मले दोरी ओढावं लागू नये म्हणून सोताचा खांदा सोलून घेते, ते माहे बैल इकीन का? येवढं मले दोन साल समजलं नाही! मी बाप कायचा वं... मी तुले पाणी नाही पेऊ देलं!"

बोलता बोलता तो ताठ माणूस लहान मुलासारखा रडू लागला. डिंपलनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबूजी, तुमाले माही शपथ! रडू नका, छातीवर ताण येते. आन दादाले काही म्हणू नका. त्यानं पैशासाठी नाही केलं, तुमी दवाखान्यात होते, घाबरला होता थो."

"नाही म्हणत," नत्थूजी मोठ्या कष्टानं म्हणाले. "आज तुह्या शब्दाबाहेर नाही जात मी."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुन्हा पान उचललं आणि तिच्या खांद्यावर तूप चोळत, घरोघर चाललेले तेच शब्द म्हटले, "आज आवतन घे, माय... उद्या जेवाले ये."

डिंपलच्या आतला दोन वर्षांचा बांध फुटला. बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती हुंदक्या-हुंदक्यांनी रडली, आणि त्या हुंदक्यांतूनच कशीबशी बोलली, "उद्या कायले, बाबूजी? मले आजच भूक लागली हाय!"

देवकाबाई पिठाच्या हातानंच चुलीकडं धावल्या. आंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. डिंपल चुलीपुढं मांडी घालून बसली, आणि नत्थूजींनी स्वतः माठातून पाण्याचा तांब्या भरून तिच्या ताटाशी आणून ठेवला.