कडी

माणूस गेला तरी त्याचं बोलणं मागे ठेवता येतं, याचं मिरजेत आता कुणाला नवल उरलं नव्हतं. मरणाआधी मेंदूतल्या आठवणी आणि सवयी टिपून त्यांची ‘मनप्रत’ काढायची, घरच्या कॉम्प्युटरवर चढवायची आणि गेलेल्याशी निवांत बोलत बसायचं. हेमलता शेडबाळेंचे यजमान धनपाल असेच बैठकीच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये राहत होते. तो डबा सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळूनही व्हायचा. हेमलताबाईंची तक्रार नव्हती. जिवंतपणी तरी हा माणूस कुठे पहिल्या हाकेला ओ देत होता?

पण हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, तेव्हा त्यांनी मनप्रतींवर संशोधन करणाऱ्या रेश्मा बागवानना बोलावलं. रेश्माने डबा उघडला, धूळ झाडली आणि सांगितलं, की डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, एसएसडी ही नव्या पद्धतीची डिस्क बसवली नाही तर काका हातचे जातील. मग जुनी डिस्क तपासता तपासता ती थांबली.

“काकू, चिनू कोण?”

चिनू हेमलताबाईंची एकुलती एक मुलगी. गेटची कडी लावायची त्यांच्याकडून राहिली, आणि पोर रस्त्यावर ट्रकखाली गेली. धनपाल त्यावर जन्मभर एक शब्द बोलले नाहीत. फक्त रोज दिवेलागणीला विचारायचे, “हेमा, कडी लावलीस का?”

मनप्रत काढताना हेमलताबाईंनी चिनूला त्यातून मुळासकट काढायला लावलं होतं. आता तरी यांचं दुःख सुटू दे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो प्रश्न त्यांना ऐकवत नव्हता. पण मनप्रतीतून मुलगी गेली तरी प्रश्न गेलाच नाही. संध्याकाळ झाली की स्पीकरमधून यायचा. का विचारता म्हटलं, तर धनपाल गोंधळून म्हणायचे, “काय की गं. विचारावंसं वाटतं.”

रेश्माने कारण समजावलं. जुन्या डिस्कवर पुसलेलं खरं पुसलं जात नाही. फक्त त्याचा पत्ता खोडला जातो, मजकूर जागेवरच पडून राहतो. काकांचं मन त्या जागेवरून जाताना दर वेळी अडखळतं. एसएसडी मात्र खोडलेली जागा स्वतःच झाडून कोरी करते.

“अर्धवट विसरणं नव्या डिस्कला जमत नाही, काकू. चिनूला एक तर पूर्ण परत आणायचं, नाहीतर पूर्ण सोडायचं. तुम्ही सांगाल तसं.”

“परत आणली तर?”

“तर सगळं आठवेल. आणि इतके दिवस ती माझ्यापासून कुठे ठेवली होतीस, हेही ते विचारतील.”

हेमलताबाई खिडकीतून गेटकडे बघत राहिल्या. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “ते सुखात राहू देत.” त्याही वेळी त्यांनी नाव नवऱ्याच्या सुखाचंच घेतलं.

नवी डिस्क बसली, आणि चहाचं आधण ठेवायच्या आत धनपाल बोलायलाही लागले. आवाज मोकळा, उत्तरं चटचट. सतारमेकर गल्लीतल्या जुन्या गमती सांगून ते दुपारभर हसत होते. संध्याकाळी हेमलताबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. दिवे लागले. बाहेर पार अंधार झाला. धनपाल गप्पाच मारत होते. जो प्रश्न टाळायला त्यांनी एवढं केलं होतं, त्याच्यासाठी त्या आता कानांत प्राण आणून बसल्या होत्या. चिनूची आठवण काढणारं या घरात दुसरं कुणी नव्हतंच.

शेवटी त्या स्वतःच उठल्या. अंगणातून गेटपाशी गेल्या, कडी नीट हलवून पाहिली आणि आत आल्या.

“कुठे गेली होतीस?”

“गेटची कडी बघून आले.”

धनपाल हसले. स्वच्छ, कुठेही न अडखळता.

“एवढी कसली काळजी गं कडीची? आपल्या घरात काय लहान मूल आहे?”