आत्याबाईंचा मेदांक

प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा पडदा पाहून डॉ. शर्वाणी थोरवेची पाचावर धारण बसली. नवरात्रात देवीच्या मांडवात घेतलेल्या रक्तनमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक तांबड्या रंगात झळकत होते. तांबडा म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगाची चाहूल. कऱ्हाडातल्या निम्म्या बायकांना एकाच वेळी कर्करोग होतो, हे कुठल्याच शास्त्रात बसणारं नव्हतं.

"यंत्र बिघडलंय का?" तिने विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. बिघडलंय ते आपलं डोकं," डॉ. नौशाद मुल्ला म्हणाले. यंत्रामागचं सगळं गणित त्यांनी मांडलेलं होतं. "मेददाह जनुक पेशीला काय सांगतं? साखर राहू दे, चरबी जाळ. खाऊनपिऊन असलेल्या माणसात ते झोपलेलं असतं. कर्कपेशीची भूक मात्र कधीच भागत नाही, म्हणून तिच्यात ते सदा जागं. त्याच्या खुणा रक्तात उतरतात, त्या मोजून आपण मेदांक काढतो. गाठ धरायच्या आधीच रोग सापडतो."

"नौशादभाई, हे जनुक मी शोधलंय. मला कशाला शिकवताय?"

"कारण शिबिर आपण नवरात्रात भरवलं! बायका आयत्या जमतात आणि सगळ्या उपाशीपोटी, म्हटलं दुधात साखर. पण दिवसचे दिवस पोटात काही नसेल, तर निरोगी पेशी तरी काय जाळणार? चरबीच ना? रमजानात मी गंमत म्हणून माझं रक्त यंत्रात घातलं होतं. आकडा तांबडा! अंडाशय नसलेल्या माणसाला अंडाशयाचा कर्करोग! ईदेला शीरखुर्मा झाला आणि आकडा हिरवा. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं, चुकलंच माझं."

शर्वाणीला हसू आलं, आणि किती तरी वेळाने श्वास मोकळा झाला. पुढचं काम सोपं होतं. शिबिरात प्रत्येकीला उपवास आहे का, हे विचारलेलं होतं. उपवास नसताना तांबड्या आलेल्या मोजक्याच होत्या; त्यांना लगेच बोलवायचं. बाकीच्यांचा तांबडा रंग उपवासाचा. त्यांना 'निरोगी' असं कळवून टाकायचं.

नौशादभाईंनी उपवासवाल्यांची नावं पडद्यावर सरकवली. "हे बघा, तुमच्या सासूबाईसुद्धा सुटल्या. कुमुदिनी थोरवे, उपवास फक्त पाण्यावर. धन्य आहे बुवा त्यांची!"

शर्वाणीचं हसू जागच्या जागी विरलं.

तो उपवास पाण्यावरचा नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूला ती आत्याबाई म्हणे. गेल्या नवरात्रात आत्याबाई देवघरातच चक्कर येऊन पडल्या होत्या. हट्टी बाई, सांगून ऐकणारी नव्हे. म्हणून यंदा पहिल्या माळेपासून शर्वाणी त्यांच्या पाण्याच्या तांब्यात गुपचूप ग्लुकोज घालत होती. डॉक्टर म्हणून तिला त्यात काही गैर वाटत नव्हतं. सून म्हणून रोज वाटत होतं. आता ती पडद्याकडे बघत होती आणि तिचंच शास्त्र तिला सांगत होतं की पोटात साखर जात असेल तर निरोगी पेशीतलं जनुक झोपून राहतं. मग हा तांबडा कशाचा?

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारायचं म्हणजे आत्याबाईंचा उपवास चव्हाट्यावर आणायचा. सगळी गल्ली आपापल्या सुनांना त्यांचा दाखला देत असे.  ते वाक्य गिळून शर्वाणीने संमतीसाठी पडद्यावर अंगठा टेकवला आणि सगळ्यांना निरोप गेले. घाई का केली, हे तिला पुरतं कळत होतं. सगळ्याच सुटल्या, की त्या एका नावाकडे कोण बघतंय? आपल्या भित्रेपणाची तिला शिसारी आली.

रात्र तळमळत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या. शर्वाणी त्यांच्यासमोर बसली आणि एका दमात बोलून गेली. "आत्याबाई, नवरात्रात तुमच्या पाण्यात मी ग्लुकोज घालत होते. तुमचा उपवास मी मोडला."

आत्याबाईंचा हात थांबला नाही. "ठावं हाय मला. पहिल्याच घोटाला जिभेला कळलं."

"मग?"

"मग काय! जास्वंदीला वतत हुते. माझा उपास मोडायला तुझ्यासारख्या सात सुना याव्या लागतील."

शर्वाणीला रडावं की हसावं कळेना. उपवास खरा असेल, तर तांबडा उपवासाचाच! तिला ते मनापासून खरं मानायचं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. आदल्या दिवशी ती स्वतः खोटं वागली होती, आणि सासूने मेथीवरून नजर वर उचलली नव्हती हेही तिने पाहिलं होतं.

"आज पोटभर जेवा आणि एकदा रक्त द्या. निरोगी असाल तर आकडा हिरवा येईल."

"आता कशाला? तुझ्याच यंत्रानं कळवलंय की." आत्याबाईंनी बरीच टाळाटाळ केली. शेवटी पिठलं-भात आणि वर गुळाचा खडा खाऊन त्या दुपारी प्रयोगशाळेत आल्या. वाटेत शर्वाणीने नौशादभाईंना फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

आकडा तांबडा आला.

"तांबडा म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं. शर्वाणीने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं. अजून पक्क्या तपासण्या व्हायच्या होत्या, पण लपवण्यात अर्थ नव्हता.

 आत्याबाईंचे डोळे भरून आले. "जास्वंदीला एक थेंब वतला न्हाई गं. प्याले मी. तिसऱ्या माळेपासनं तर तांब्याची वाट बघायची. देवीला म्हणायची, पाप सुनंचं हाय, मला काय ठावं! समदं तुझ्या नावावर घातलं."

"बरं झालं प्यालात," शर्वाणी त्यांना जवळ घेत म्हणाली. "वेळेत सापडलंय. आता इलाज होईल. तुम्ही खरा उपवास केला असता तर..."

ती बोलता बोलता थांबली. खरा उपवास केला असता, तरी मेदांक तांबडाच आला असता. तो तिने आणि नौशादभाईंनी उपवासावर ढकलला असता आणि रोग आतल्या आत वाढत राहिला असता.

तिने नौशादभाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मॅडम, उपवासाने तांबडा येतो, हे खरं. पण म्हणून त्यामागे रोग नाहीच, असं कुठे ठरतं? आपण काल कुणालाही सोडायला नको होतं."

काल निरोगी म्हणून कळवलेल्या साऱ्याजणी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. ज्यांनी मनोभावे उपवास केला, नेमक्या त्यांच्याच रोगाला लपायला जागा मिळाली होती. आणि त्यावर अंगठा तिचा होता.

तिने तिथूनच फोन लावायला घेतले. पहिला गल्लीतल्या पारूबाई शेवाळेंना.

"काल म्हणता निरोगी, आज म्हणता परत या. पोरखेळ लावलाय व्हय?" पारूबाई कडाडल्या. "माझा उपास कडक हुता. त्येचाच आकडा हाय त्यो. मी न्हाई येत!"

 आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण हिकडं."

त्यांनी फोन कानाला लावला.

"पारू, मी कुमुद. ऐक. माझा उपास मोडलेला हुता. आगं, खरंच. नऊच्या नऊ दिवस साखरंचं पाणी प्याले, समजून उमजून. मोडला म्हणून माझा रोग घावला. तुझा खरा हुता, म्हणून तुझं रगात परत बघायचंय. पोटभर जेव आन् ये. व्हय, सांग सगळ्यास्नी. खुशाल सांग."

पलीकडे पारूबाई काही तरी विचारत होत्या. आत्याबाईंनी तेवढ्यावरच फोन बंद केला आणि सुनेच्या हातात दिला.

"फुडची कोण हाय? लाव तिला."