मधला संथ भाग

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. पटवून द्यायला आपण बसलो न्हाय. पण हे आमच्या सास्तूर गावात घडलंय... आणि तेही भर दुपारी. भुतं रात्रीचीच येतात, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी शिवरंजनीची पुण्यात मुलाखत होती, पाश्चात्त्य संगीताच्या प्रवेशाची. एक पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो अन् वाद्यवृंदाची तीन भागांची रचना, पूर्ण ऐकून तिची बांधणी सांगायची होती. म्हणून तिनं स्पीकर लावला. शेजारी वडील, माणिकप्पा.

तिचे अज्जा, म्हणजे माणिकप्पांचे वडील गुरुसिद्धप्पा, जिवंत होते तोवर या घरात सूर काढायची कुणाची बिशाद नव्हती. तरण्या माणिकप्पाची पेटी त्यांनी अंगणात कुऱ्हाडीनं फोडली होती. पोरगा गाण्याच्या नादी लागून शेती बुडवील म्हणून.

अज्जांना जाऊन वर्ष झालं होतं.

पहिला भाग जोरात सुरू झाला.

"ऐका पप्पा. एकीकडं सगळा वाद्यवृंद, एकीकडं एकटा पियानो. लई भांडतेत! आता बघा, सगळे गप... पियानो एकटाच."

माणिकप्पांचे डोळे भरून आले.

मग दुसरा भाग. संथ. आणि...

आवाज गेला.

फोन चालू. स्पीकरचा दिवा चालू. गाण्याचे सेकंद पुढं सरकत होते. सूर तेवढा न्हाय.

बाहेर चिमण्याही गप्प झाल्या.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच... बंद.

मग खोलीत वास आला. तंबाखूचा अन् चुन्याचा.

अज्जांचा.

"राहू दे, बाई," माणिकप्पा म्हणाले. "त्यांना आवडत न्हाय."

पोरीचं डोकंच फिरलं. "न आवडू दे! अज्जा, जिवंतपणी लई ऐकवलं तुम्ही. आता मी ऐकणार. स्पीकर बंद करता व्हय? करा!"

आणि तिथून पुढचा पियानो ती तोंडानंच गायला लागली.

थोडंसंच गायली असेल...

गळ्याभोवती थंडगार बोटं आवळली.

ती थांबली न्हाय. चेहरा लालबुंद, आवाज चिरका, पण गातच राहिली.

माणिकप्पा ताडकन उठले. जन्मात बापाला उलटून बोलले नव्हते. "अप्पा! सोडा पोरीला! गळाच पाहिजे तर माझा घ्या!"

बोटं सुटली.

स्पीकर एकदम गरजला. तिसरा भाग! पियानो आणि सगळी वाद्यं एकत्र, पार शेवटपर्यंत.

शिवरंजनी पुण्याला गेली. गळ्यावर पाच बोटांचे काळेनिळे वळ. आई ओढणी घे म्हणून मागं लागली, हिनं घेतली न्हाय. प्रवेश मिळाला.

माणिकप्पा मात्र त्या दुपारपासून बोललेले न्हाईत. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष न्हाय.

तरी रोज जेवण झालं की ते तोच कॉन्चेर्टो लावतात. दारं सताड उघडी, आवाज मोठा. कुणी बंद करा म्हटलं तर डोळे वटारतात.

परवा आम्ही तिथं होतो. मधल्या भागात सूर गेला. माणिकप्पांनी मान ताठ केली, ओठ हलवायला लागले.

आणि त्यांचा आवाज... समोरच्या रिकाम्या कोपऱ्यातून गायला लागला.